पहिली प्रत शेठजींच्या हातात

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके अजून निंबांवरून उतरले नव्हते, तेव्हा माझ्या लॅपटॉपमधून टकटक ऐकू यायला लागली. आधी वाटलं, खिडकीत पाल असेल. मग फोल्डर उघडायला गेले, तर हिरवी पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली आणि पडदा गोठला. बंद करून पुन्हा चालू केला. टकटक वाढली होती. वडील ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांना तिथपर्यंत ऐकू गेलं.

"कागद टकटक करस का कधी?" ते आतल्या माझ्याकडे न बघताच म्हणाले.

वडिलांना मी नाना म्हणते. ते धानोऱ्यात मास्तर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. रेशनवर, बंद पडलेल्या एसटीवर, शाळेच्या गळक्या छपरावर. इतर मुलांच्या वह्यांना खाकी कव्हर असायचं, माझ्या वह्यांना गुलाबी नाहीतर पिवळं पत्रक, छापलेली बाजू आत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवर. एका पानात मावेल तेवढंच बोलायचं, मागणी आधी आणि रडगाणं नंतर, हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

नानांचा एक नियम मात्र सगळ्यांवर होता. ज्याच्या विरोधात पत्रक, त्याच्या हातात पहिली प्रत. रात्री भिंतीवर चिकटवून पळायचं नाही. दिवसा जायचं, समोर उभं राहायचं, हातात द्यायचं, आणि मग गावात वाटायचं. लहानपणी मी त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून अशा कितीतरी पहिल्या प्रती पोचवल्या आहेत. काही लोकांनी त्या आमच्या देखत फाडल्या. नंदुरबारचे एक मिरचीवाले शेठजी मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे, एखादी छपाईची चूक दाखवायचे आणि चहा मागवायचे.

त्या शेठजींच्या मिरचीच्या पथारीवरच माझं काम चाललं होतं. पथारी म्हणजे मोकळं रान, जिथे ओली लाल मिरची उन्हात पसरतात आणि बाया दिवसभर बसून तिचे देठ खुडतात. मागच्या वर्षी मी या बायांसाठी माझं पहिलं पत्रक लिहिलं. त्यात सगळ्यात वर मागणी होती हातमोज्यांची. नियमाप्रमाणे पहिली प्रत शेठजींना दिली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "हाई तुन्हा बापनी भाषा शे, बायासनी नही. बाया सोता सांगतीन तवय देखसू."

मला राग आला. पण घरी येताना बसमध्ये राग उतरला आणि वाटलं, ठीक आहे, बाया स्वतःच सांगतील.

पूर्ण हंगाम मी पथारीवर जात राहिले. दुपारच्या भाकरीच्या वेळी फोन मध्ये ठेवायचा आणि बायांनी बोलायचं. बहुतेक जणी सातपुड्यातल्या, भिली बोलणाऱ्या. मला अर्धं कळायचं, अर्धं त्यांच्यातली एक जण समजावून सांगायची. पहिल्याच दिवशी माझे हातमोजे उडाले. मोजे घालून देठ तुटत नाही, तू एकदा खुडून बघ, म्हणून सगळ्या हसल्या. त्यांना हवी होती पोरांसाठी जागा. झोळी बांधायला मिरचीपासून लांब, सावलीत, आणि जवळ पाणी. एक तरुण बाई, जिचं पोर दुसऱ्या टोकाला निंबाच्या फांदीला झोळीत टांगलेलं असायचं, ती म्हणाली, "दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मी माझ्या पोराला हात लावत नाही. हाताला मिरची असते. ते रडतं, मी बघते."

मी तिला सांगितलं की तुझं नाव कुठे येणार नाही, फक्त आवाज ऐकवीन, आधी शेठजींना, मग गावात. आवाज ओळखला तर चालेल का, असंही विचारलं. ती म्हणाली, "त्यानं कधी ऐकलाय, की ओळखेल?"

फोनमध्ये जागा पुरायची नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकायचे आणि फोन रिकामा करायचे. हंगाम संपला तशा बाया पांगल्या. काही डोंगरात परत गेल्या, काही गुजरातेत. ती तरुण बाई कुठल्या वीटभट्टीवर गेली ते तिच्या घरच्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. आणि येत्या सोमवारी व्यापारी बसून पुढच्या हंगामाची पथारीवरची व्यवस्था ठरवणार होते. आमच्याकडे सालाचं बोलणं आखाजीनंतर होतं, ते एकदा झालं की वर्षभर त्यात बदल नाही. तिचं ते वाक्य, तिच्या आवाजातलं, जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण टकटक करत होतं.

नंदुरबारच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याने लॅपटॉपला कान लावला, डॉक्टर छातीला लावतो तसा, आणि म्हणाला, "ताई, हाई डिस्क आते दोन दिननी पाहुणी शे." सुरतेला पाठवता येईल, पण महिना लागेल. त्याने दुकानातल्या कूलरसमोर एकदा चालू करून पाहिलं. थोडा वेळ नीट चालली, एक छोटी फाइल उघडलीसुद्धा, मग डिस्क तापली आणि पुन्हा टकटक. कूलरची दमट हवा तिला चांगली नाही, म्हणून त्याने लगेच बंद केली. गार आणि कोरड्या जागी ठेवली तर कदाचित अजून थोडं चालेल, हलवायची नाही, सगळं एकदम काढायला जायचं नाही, जे सगळ्यात गरजेचं ते आधी. हे सांगून झाल्यावर तो स्वतःच हसला. वैशाखात नंदुरबारला गार आणि कोरडी जागा कुठली? "मिरचीनं कोल्ड स्टोरेज शे. जाय, शेठले इचार."

त्याने ते थट्टेत म्हटलं. मी तिथून थेट शेठजींच्या गादीवर, म्हणजे त्यांच्या पेढीवर, गेले.

वाटेत मनात आलं होतं की काहीतरी दुसरं कारण सांगावं. माझं पुस्तक आहे त्यात, असं म्हणावं. ते खोटंही नव्हतं, एक अर्धं लिहिलेलं पुस्तक त्यात होतंच. पण त्या गादीसमोर मी लहानपणापासून ज्या कारणासाठी उभी राहिले होते, त्याच्याशी हे जमेना. मी सरळ सांगितलं. यात तुमच्या पथारीवरच्या बाया बोलल्या आहेत, तुमच्या विरोधात बोलल्या आहेत, डिस्क मरायला टेकली आहे आणि ती जगवायला मला तुमचं कोल्ड स्टोरेज एक दुपार हवं आहे.

मुनीम हिशेब करता करता थांबला. शेठजींनी चष्मा काढला. त्यांची माणसं राजस्थानातून येऊन इथे पिढ्या झाल्या, आणि त्यांच्याइतकी ठसकेबाज अहिराणी मलाही येत नाही.

"मन्हा विरुद्ध बोलाले मन्हंच बरफ?"

मी म्हटलं, बाया स्वतः सांगतील तेव्हा बघू, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्या सांगून बसल्या आहेत. आता तुम्हाला ऐकायचं आहे की नाही, तेवढंच विचारायला आले.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग बाया काय काय बोलल्या, असं मला विचारलं. मी म्हटलं, आत्ता नाही, पूर्ण काढून झालं की पहिली प्रत तुमचीच. यावर ते हसले, खरंखुरं, पोट हलवून. मुनीमाला चावी द्यायला सांगितली आणि मला म्हणाले, "स्वेटर घालजो पोरी. निमोनिया हुई जाई ते त्यानंबी पत्रक काढशी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डांबर पाघळत होतं तेव्हा, नाना आणि मी कोल्ड स्टोरेजला गेलो. मी स्वेटर घातलेला आणि नानांनी कानटोपी. रिक्षावाल्याने आम्हाला आरशातून तीनदा पाहिलं. दोन दारांच्या मधली एक छोटी खोली आम्हाला मिळाली. आतल्या दारातून गारठा आणि मिरचीचा खकाणा दोन्ही येत होते. भिंतीला एक सॉकेट होतं. पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवला, गार होऊ दिला, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितल्याप्रमाणे त्याला हात न लावता नुसतं बटण दाबलं.

टकटक नाही.

मी पेन ड्राइव्ह लावला आणि त्या तरुण बाईची फाइल आधी घेतली. पट्टी सरकायला लागली. नानांना जोरात शिंक आली. ती त्यांनी कानटोपीत दाबली, पोती हलू नयेत म्हणून. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि मी कुणाचीही शपथ घेऊन सांगते की त्या मिरचीच्याच होत्या. पट्टी मध्येच थांबली. आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो, तसाही तिथे श्वास घेववत नव्हता. मग ती पुन्हा चालू झाली आणि टोकाला पोचली. मी पेन ड्राइव्हवरून ती फोनमध्ये घेतली, कानाला लावली. "दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत..." सगळं होतं. मागे कोंबडं ओरडलेलं, तेसुद्धा.

त्यानंतर एकेक करत सगळ्या बाया बाहेर आल्या. हातमोज्यांवर हसलेल्या, पाण्याच्या टाकीबद्दल बोललेली, संडास नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी. एकही मागे राहिली नाही. शेवटी मी माझ्या पुस्तकाच्या फोल्डरवर गेले, आणि डिस्कने एकदा खर्र केलं आणि कायमची गप्प झाली. नानांनी विचारलं, काय होतं त्यात? मी म्हटलं, पुस्तक. बरं होतं का? मी विचार केला आणि म्हटलं, पहिली पन्नास पानं रडगाणंच होतं. नाना म्हणाले, मग मागणीपासून सुरू कर आता. प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप गुंडाळून आम्ही उन्हात आलो, आणि मला कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

सोमवारच्या आदल्या दिवशी सकाळीच मी गादीवर गेले. पेन ड्राइव्ह शेठजींच्या हातात दिला, फोन समोर ठेवला आणि ऐकवलं. मी अर्थ सांगायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. मजुरांशी व्यवहार करण्यात त्यांचा जन्म गेला आहे, भिली त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळते. तरुण बाईचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कोण शे हाई?"

नाव सांगणार नाही, मी म्हटलं. तुमच्याच पथारीवरची आहे.

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं, ओळखायचा प्रयत्न करत असल्यासारखं. ओळखता आलं नाही. मुनीमाकडे पाहिलं, त्यालाही आलं नाही. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "हाई तुन्हा बापनी भाषा नही शे."

त्या दिवशी चहा आला, पण मी तो प्यायला थांबले नाही. आधी ते बोलणं गावात फोनोफोनी वाटायचं होतं.

सोमवारच्या बैठकीत बाकीचे व्यापारी कुरकुरले. सावलीची जाळी कुणी बांधायची, पाणी कुणी आणायचं, उद्या आणखी काय मागतील. शेठजींनी मलाही बोलावलं होतं, त्यांनी सगळ्यांपुढे माझा फोन ठेवला आणि वाजवायला लावला. ती बाई बोलली. संपल्यावर ते एवढंच म्हणाले की माझ्या पथारीवर मी करतो आहे, तुमचं तुम्ही बघा. कुरकुर चालूच राहिली, पण व्यवस्थेच्या कागदावर झोळ्यांची जागा लिहिली गेली आणि पाण्याची टाकीही. संडास नाही लिहिला. त्याचं पत्रक मी त्याच आठवड्यात काढलं.

मेलेली डिस्क नानांनी लॅपटॉपमधून काढून घेतली. पंख्याखाली पत्रकं उडू नयेत म्हणून ती आता गठ्ठ्यावर असते. कागदाच्या कामाला आली एकदाची, म्हणतात.

दिवाळीनंतर पथारी पुन्हा लाल झाली. एका टोकाला हिरवी जाळी लागली होती, तिच्याखाली झोळ्या, बाजूला टाकी, साबण आणि तेलाचा डबा. ती तरुण बाई परत आली होती. दुपारी ती देठ टाकून उठली, हाताला तेल चोळलं, साबणाने धुतलं, वास घेऊन पाहिलं, पुन्हा धुतलं. मग जाळीखाली गेली. मी फोन काढून तिच्यामागे गेले, मला तिचं आता काय म्हणणं आहे ते हवं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. "आता नाही," ती म्हणाली. "आता पोराला घेतलंय."