गाडी लागल्याशिवाय पुकारायचं नाही

माझी आई नाशिकच्या बसस्टँडवर गाड्या पुकारायची. चौकशीच्या खिडकीमागे टेबल, टेबलावर माईक आणि माईकपुढे ती. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. घोटीमार्गे इगतपुरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.' वीसेक वर्षं तिनं हेच केलं. अर्ध्या जिल्ह्याला तिचा आवाज पाठ होता, पण चेहरा कुणाच्या ओळखीचा नव्हता. बाजारात मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत असली की एखादी भाजीवाली मध्येच थांबून विचारायची, 'बाई, तुम्ही त्या स्टँडवरच्या का हो?' मग आई अशी काही खुलायची की हुज्जत तिथंच राहायची.

तिचा एकच नियम होता. गाडी फलाटाला लागल्याशिवाय पुकारायचं नाही. नोकरीच्या सुरुवातीला एकदा नामपूरची गाडी फाटकातून आत येताना दिसली आणि तिनं घाईनं पुकारून टाकली. गाडी तशीच डेपोत वळली, टायर बसला होता म्हणे. डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी त्या फलाटावर जाऊन थांबली, आणि तोवर तिला निदान वाटेतल्या सटाण्यापर्यंत नेणारी गाडी पलीकडून निघून गेली. म्हातारी खिडकीशी आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, 'मंग गाडी कोठे शे, माय?' ही गोष्ट आईनं मला शंभरदा तरी ऐकवली असेल, कारण मी पडलो उतावळा. गणित सुटायच्या आत मी 'झालं' म्हणून ओरडायचो. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,' असं म्हणून ती वही परत माझ्या हातात द्यायची.

नव्वदचं दशक संपता संपता मला नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. कंपनी म्हणजे काय, पंपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचे साहेब बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क विकायचे. विटेएवढा काळा डबा, त्याला एक वायर, ती कॉम्प्युटरला लावायची. पण तेव्हाच्या विंडोजला असला डबा ओळखताच येत नसे. दोघांच्या मध्ये एक दुभाष्या लागायचा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायचं काम माझ्याकडे होतं. घरी सांगितलं की मी ड्रायव्हर लिहितो, तर आई म्हणाली, 'शेवटी आमच्याच लाइनीत आलास म्हण की.'

काम तसं सरळ होतं. विंडोज म्हणणार, एवढं लिहून ठेव. ड्रायव्हरनं ते डब्याला द्यायचं, डब्यानं लिहून झाल्याचं कळवलं की विंडोजला सांगायचं, झालं. पण डबा होता रेड्यासारखा मंद. गिऱ्हाईक तक्रार करायचं आणि साहेब माझ्या डोक्यावर बसायचे. मग मी अक्कल लढवली. विंडोजनं दिलेलं सगळं आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत ठेवून घ्यायचं, लगेच 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं, आणि डब्यावर मागाहून सवडीनं लिहीत बसायचं. वेग एकदम तिप्पट दिसायला लागला. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. वायर काढायच्या आधी राहिलेलं सगळं लिहून घेणारं एक बटण करायला हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. करू पुढच्या आठवड्यात, म्हटलं. कसला शहाणा मी!

त्याच सुमारास आईचा घसा बसला. आधी काढे झाले, मग गुळण्या, मग डॉक्टर. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. वडील तेव्हा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर होते. ते घरी आले, बूट न काढता पलंगावर बसले. आईच म्हणाली की मी काय मरत नाहीये, उठा, हातपाय धुवा.

रेकॉर्डिंगची कल्पना माझी. शनिवारी ऑफिसातला एक कॉम्प्युटर आणि तो डबा रिक्षात घालून नाशिकरोडला घरी आणला. रविवारी जेवणं झाल्यावर आईला माईकपुढे बसवलं. तिनं चांगली इस्त्रीची साडी नेसली होती. आवाज घोगरा झाला होता, पण माईक समोर आला आणि बाई ताठ बसली. तिनं गाड्या पुकारल्या. घोटी, पेठ, सटाणा, नामपूर, एकही फलाट चुकला नाही. मग मला घरच्या नावानं हाक मारली, स्वयंपाकघरातून मारायची तशीच. वडिलांना चहा झाल्याचं सांगितलं. शेवटी, अजून झालेलीच नव्हती त्या नातवंडांशी ती थोडं बोलली. ते ऐकताना मी उगाच कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी तपासत होतो, कारण मला रडू येत होतं.

दवाखान्यात चार वाजता भरती व्हायचं होतं. तो कॉम्प्युटर चाचणीचा. दर मंगळवारी ऑफिसात तो पुसून कोरा करायचे. म्हणून मी रेकॉर्डिंग तिथून उचलून डब्यावर हलवलं. पडद्यावरची पट्टी सर्रकन भरली आणि झालं. माझाच ड्रायव्हर, वेगवान. खाली रिक्षा येऊन उभी राहिली होती. मी वायर ओढली, डबा कपाटात ठेवला आणि आईची पिशवी उचलली. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर ऑफिसात परत गेला. मंगळवारी ऑपरेशन झालं.

बुधवारी सीडी करून घ्यावी म्हणून मी डबा ऑफिसात नेला. फाइल होती. नाव बरोबर, आकारही बरोबर. लावली. पहिली चार सेकंदं वाजली, आणि पुढे अर्धा तास काहीच नाही. आत पाहिलं तर सगळी शून्यं. नाव-गाव आणि ती चार सेकंदं तेवढी डब्यावर पोचली होती, बाकीचा आवाज मेमरीतच राहिला होता, आणि मी वायर ओढली तेव्हा गेला. दुसरं काय बिघडलं असेल याचा विचारसुद्धा मला करावा लागला नाही. लिहायच्या आधीच 'झालं' सांगणारी ड्रायव्हरमधली ती ओळ माझ्या हातची होती, कितव्या नंबरवर आहे तेही मला पाठ होतं. चाचणीचा कॉम्प्युटर आदल्या दिवशीच कोरा झाला होता. मी संडासात जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडलो. मग परत येऊन ती चार सेकंदं तेवढी सीडीवर घेतली आणि ती ओळ काढून टाकली. साहेब म्हणाले, अरे, पुन्हा हळू झालं की. मी म्हटलं, होऊ दे.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. आईच्या गळ्याला पट्ट्या होत्या आणि उशाशी पाटी-पेन्सिल होती. तिनं लिहिलं, 'आवाज नीट आला ना?'

'आला ना. मस्त आलाय,' मी म्हटलं.

तिनं पाटी पुसली आणि डोळे मिटले. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. मला वाटायचं, तिला ऐकवत नसेल. आपलाच गेलेला आवाज ऐकणं सोपं असतं का? अशी मी माझी समजूत घातली आणि त्या समजुतीवर सहा वर्षं काढली.

मग माझी मुलगी चार वर्षांची झाली. एका दुपारी ती घरातल्या खुर्च्या ओळीनं लावून गाडी-गाडी खेळत होती. आई कौतुकानं बघत होती. तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, 'हिला माझं ऐकव. मी हिच्याशी बोलले होते.'

'आई,' मी म्हटलं, 'ते नाहीये गं. त्याच दिवशी गेलं. माझ्या चुकीनं. मी तुझ्याशी खोटं बोललो.'

तिनं पाटी पुसली. मग खाली वाकून सावकाश लिहायला लागली. ती अक्षरं मी समोरून, उलटी वाचत होतो.

'तेव्हाच कळलं होतं. तू फार लवकर हो म्हणालास.'

मला तोंड वर करवेना. इतकी वर्षं ती मला सांभाळून घेत होती आणि मी मात्र तिला सांभाळतोय असं समजत होतो. तिनं ते पुसलं आणि लिहिलं, 'काहीच नाही?'

या वेळी मी लगेच बोललो नाही. उठलो, कपाटातून सीडी काढली, कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट पाहिली, फाइल उघडली, ती आहे याची खात्री केली. मग म्हटलं, 'चार सेकंदं आहेत.'

मुलगी खुर्च्या सोडून माझ्या मांडीला येऊन टेकली. मी लावलं. खरखर झाली, बांगड्या वाजल्या, आणि आईचा तो घोगरा आवाज आला, 'सुरू झालं का रे?' त्यावर घाईघाईनं माझा, 'झालं, झालं, बोल.' पुढे काही नव्हतं.

'आजी बोलली!' मुलगी म्हणाली.

आईनं मान हलवली. मग बोट हवेत गोल फिरवून मला खूण केली, परत. मी परत लावलं.