कराराची बाई पक्की झाली

जिंतूरच्या स्टँडवर मायनं मला एसटीत बसवलं तेव्हा ती रडली नाही. आठवडी बाजारात बांगड्या विकणारी बाई ती, तिनं खिडकीतून बजावलं, "पहिल्या भावाला हो म्हनू नको." ते मी पाळलं. महाप्याच्या कॉल सेंटरमध्ये राबत बी.एड. केलं आणि नवी मुंबईतल्याच एका खासगी विद्यापीठाच्या अध्ययन साहाय्य केंद्रात लागले. ज्यांना समजतं पण लिहिता येत नाही, अशी पोरं-पोरी माझ्याकडे येतात. त्यांनी उत्तर आधी आपल्या बोलीत सांगायचं, मग स्वतःच लिहायचं. त्यांच्या पेनाला मी हात लावत नाही.

तरी प्राध्यापकांच्या लेखी मी 'सपोर्टवाली'. शिक्षकांच्या बैठकीचं बोलावणं नाही आणि करार दर वर्षी नवा. तो संपत आला की मी तणतणत फोन करायचे, "माय, औंदा नाही जमलं तर गावीच येते." तुम्ही गावाकडचे तो माझा राग समजलात. माझा तो आधार होता.

यंदा डीननी पक्की नोकरी देऊ केली, पण प्रवेश विभागात. मी अडून बसले: पक्की करा, पण केंद्रातच, आणि दारावर 'अध्यापक' लिहा.

"मॅडम, तुम्ही मदत करता. शिकवणं वेगळं."

माझं डोकं फिरलं. "मग बसा एकदा माझ्या खुर्चीत!"

भला माणूस, खरंच बसला. समोर जवळच्या दिवाळे गावातली कोळ्यांची पोर होती. उत्तर सांगताना ती अडखळली, तसा सरांनी तिचा कागद ओढला आणि स्वतःच लिहायला घेतलं. पोरीनं तो परत घेतला. "सर, तुमी लिवलं तर मी काय शिकनार? आमची मॅडम नुसती थांबते."

सर ओशाळून हसले. मलाही हसू आवरेना. केंद्रातच पक्की झाले. दारावर मात्र 'सहायक'च लागलं. ते मी सोडलेलं नाही, भांडण चालू आहे.

मायला फोन केला. ती म्हणाली, "म्हंजी आता तू वापस येत न्हाईस."

एवढी घासाघीस केली, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं गाव म्हणजे हरले तर जायची जागा होती. आता दिवाळीला येईन ती काही बिनसलेलं नसताना, नुसतीच भेटायला. असं यायची मला सवय नाही. सांभाळून घ्या.