न मागता माफ करणारी पंचआत्या

आमच्या पंचआत्याला लोकांना माफ करायची भारी हौस होती. समोरच्याने माफी मागितली पाहिजे, अशी तिची अट नव्हती. आपण काही गुन्हा केला आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे, अशीसुद्धा नव्हती. पांढरी साडी नेसून, छत्री काखेत मारून ती सकाळीच निघायची, कुणाच्या तरी ओसरीवर बसायची, चहा प्यायची आणि कप खाली ठेवता ठेवता सांगायची, "मी तुले माफ केलं बरं." ती बिचारी बाई आठवडाभर आठवत राहायची की आपण केलं तरी काय. हिंमत करून कुणी विचारलंच, तर आत्या सगळा पाढा वाचायची आणि मग खरं भांडण लागायचं. त्या भांडणाचीही पुढच्या आठवड्यात माफी मिळायची.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. साकोलीतली आमची ख्रिस्ती मंडळी एवढीशी, की रविवारी सगळे जण चर्चमध्ये उपासनेला आले तरी मागचे बाक रिकामे राहावेत. त्या मंडळीच्या पंचमंडळात आत्या एकटी बाई होती, म्हणून सगळे तिला पंचबाई म्हणायचे आणि आम्ही पंचआत्या. बाकीचे पंच बैठकीत चहा यायची वाट पाहत बसायचे. कुणाचं चुकलं, कुठे चुकलं आणि किती चुकलं हे ठरवायचं काम ती एकटीच मनापासून करायची.

एकदा लाखनीच्या फाट्यावर तिने हात दाखवूनही बस थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्याच बसमध्ये चढली आणि भरल्या गाडीत कंडक्टरला म्हणाली, "कालचं मी मनात ठेवलं नाही. तुले माफ केलं." तक्रार केली असती तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. माफीला काय उत्तर द्यायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून आत्या दिसली, की दहा पावलं अलीकडेच गाडी थांबायची. आत्या याला क्षमेचा महिमा म्हणायची. मला तरी तो कंडक्टर घाबरलेला वाटायचा.

घरात तर आमची रोजच सुनावणी असायची. जेवणाआधीची प्रार्थना तीच करायची आणि तिला सांगायचं असेल ते सगळं देवाला सांगायची. "हे प्रभू, ज्या हातांनी आज वरणात मीठ जास्त टाकलं त्या हातांना तू सांभाळ. ज्या लेकराने गणितात काठावरचे मार्क आणले, त्याच्यावर तू रागावू नको." प्रार्थना चालू असताना मध्ये बोलता येत नाही, ही तिची मोठीच सोय होती. बाबा डोळे मिटून ऐकायचे, मी एक डोळा उघडून पोळ्या मोजायची आणि आई दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्याकडे पाहत राहायची.

देवावर तिचा पूर्ण भरवसा होता. "देव पाहून घेते," असं ती उठता बसता म्हणायची आणि बाहेर जाताना दाराला तीन कुलपं लावायची. तिसरं कुलूप ओढून पाहायला ती अर्ध्या रस्त्यातून परत यायची. मी एकदा विचारलं, की देव पाहून घेतो तर मग कुलपं कशाला. ती म्हणाली, "त्याले कायले येवढ्याशा कामाले लावतं?" मी यावर खूप हसले होते.

पण त्या भरवशाचं दुसरं रूपही मी पाहिलं आहे, आणि ते लपवणं बरं नाही. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. उपकेंद्रात नर्स म्हणून ती धानाच्या बांध्यांवरून सायकल ढकलत गावोगाव फिरली आणि दुसऱ्यांची लेकरं जगात आणत राहिली. बाबा गेले तेव्हा कबरीजवळ गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीलाच बाकीचे गायचे थांबले. आत्या एकटी शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिली, नेहमीसारखीच बेसूर. त्या दिवशी मला तिचा फार आधार वाटला होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या गोष्टीकडे येते. माझी आई बपेऱ्याची. तिचं माहेर हिंदू, नदीत मासे धरणारं. बाबांशी लग्न करून ती आमच्या मंडळीत आली. मी चौदा वर्षांची असताना तिचे वडील वारले. तेरवीला आई निघाली, तेव्हा सोबत म्हणून आत्याही गेली. तुमसरात गाडी बदलून, वाटभर आईची पाठ थोपटत गेली. तिथे आईने आपल्या बापाच्या फोटोला फूल वाहिलं, हात जोडले, भावजयीने लावलेलं कुंकू पुसलं नाही आणि पंगतीत बसून जेवली. त्याच पंगतीत आत्याही जेवली, वड्यांचा आग्रह झाला तेव्हा दोन जास्तीचेही घेतले. पण ती पाहुणी होती ना!

पुढच्या बैठकीत आत्याने हे सगळं, आमच्या मंडळीत चालत नाही म्हणून, पंचमंडळाच्या कानावर घातलं. रडत रडत घातलं, असं लोक अजून कौतुकाने सांगतात. आईला तीन महिने प्रभूभोजनातून बंद करण्यात आलं. हे प्रभूभोजन आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. भाकरीचे बारीक तुकडे आणि द्राक्षरसाचे चिमुकले पेले ताटातून एकेका बाकावर फिरतात. ज्याला बंद केलं आहे त्याने ताट पुढे द्यायचं. सगळ्यांसमोर. बाबा पंचांपुढे एक शब्द बोलले नाहीत. आत्याने मात्र त्याच दिवशी घरी येऊन जाहीर केलं, की तिने आईला माफ केलं आहे.

तीन महिने संपले. ताट आईपुढे आलं आणि आईने ते तसंच पुढे दिलं. मग पुढच्या महिन्यातही, आणि त्याच्या पुढच्या. एकोणीस वर्षं आईने भाकरीचा तुकडा उचलला नाही. गंमत म्हणजे तो द्राक्षरस आईच करायची. आमच्याकडे बारा महिने द्राक्षं कुठून येणार? शनिवारी ती काळे मनुके भिजवायची, उकळायची, फडक्यातून गाळायची आणि रविवारी सगळ्या मंडळीला पाजून स्वतः कोरडी घरी यायची. मी तिच्या शेजारी मागच्या बाकावर बसायची. मैत्रिणी वळून पाहायच्या, आणि मी मनातल्या मनात आत्याला एकेक नाव ठेवायची. मोठी झाले, शिक्षिका झाले, लग्न होऊन लाखनीला गेले, तरी ती नावं काही संपली नाहीत. तोंडाने मात्र मी फार गोड. येताना तिच्यासाठी चिकू आणायची, तिच्या गोळ्या आणायची, तिच्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणायची.

बाबा गेल्यावर त्या दोघीच घरात उरल्या. मागच्या वर्षी आत्या न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला लागली. तिची अंघोळ, तिचं जेवण, तिचं सगळं आईवर आलं. शेजारणी म्हणू लागल्या, पाहा, किती मोठं मन, सगळं विसरली. आईने ते ऐकलं आणि आत्याच्या केसांना तेल लावता लावता तिला स्वच्छ सांगितलं, "मी तुमचं करून राहिली म्हणून माफ केलं असं समजू नका, बाई. करणं वेगळं."  आत्याला पहिल्यांदाच कुणी तिच्या धंद्यातली गोष्ट समजावून सांगत होतं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आत्याला घरीच प्रभूभोजन द्यायला आले. नवे होते, तरुण होते, जुनं काही त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाबद्दल मनात अढी आहे का, असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. आत्या रीतीप्रमाणे म्हणाली, की तिने सगळ्यांना माफ केलेलं आहे. मग साहेबांनी ताट आधी आईपुढे धरलं. आई म्हणाली, मी घेत नाही. साहेबांनी साधेपणाने विचारलं, का? एकोणीस वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. आईने आत्याकडे बोट केलं. "यांनाच विचारा."

आत्या उत्साहाने सांगू लागली. अशा हकिकती तिला तोंडपाठ असायच्या. "आता पाहा साहेब, हिच्या बापाची तेरवी होती. मी सोबत गेली. हिनं फोटोले फूल वाहिलं, आपल्या बापाच्या..." आणि तिथे ती अडकली. मी दारात उभी होते. बैठकीत ही हकिकत तिने आईच्या पाठीमागे सांगितली होती, आता आई समोर बसून ऐकत होती. आत्याने साहेबांच्या हातातलं ताट हलकेच मागे सारलं. मग म्हणाली, "साहेब, आज राहू द्या. माह्यानं होत नाही." साहेब ताट झाकून परत गेले.

माफ करण्यात जिची हयात गेली, तिला माफी मागायची कशी हे येत नव्हतं. आठ दिवस ती घसा साफ करत राहिली. आधी मिठाचं कौतुक केलं, मग आईच्या माहेरच्या माणसांची विचारपूस केली. आई भाजी निवडत सगळं ऐकून घेत होती आणि मुळीच मदत करत नव्हती. शेवटी आत्या म्हणाली, "सुमन, मी चुकली. मले माफ कर."

आई म्हणाली, "अजून मनातून येऊन नाही राहिलं. आलं की सांगीन. खोटं नाही बोलणार."

दुसरी कुणी असती तर रुसली असती. आत्या "बरं," म्हणाली आणि खरोखर थांबली. साहेब पुढच्या महिन्यात आले, तिने त्यांना परत पाठवलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही पाठवलं. ज्या भोजनासाठी ती तापातही उठून जायची, ते तिने चार महिने घेतलं नाही. डॉक्टरांनी तोवर नकारार्थी मान हलवली होती, आणि ते तिला नर्स असल्यामुळे आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं होतं. साहेब काकुळतीला येऊन म्हणाले, पंचबाई, देव तर क्षमा करतोच. आत्या म्हणाली, "देवाचं मले माहीत आहे. मी सुमनचं विचारून राहिली." प्रभूभोजन न घेताच जायची तुला भीती नाही का वाटत, असं मी तिला त्या दिवसांत विचारलं होतं. वाटते, म्हणाली, पण देव मला अर्ध्यात नेणार नाही. आणि या खेपेला तिने कुठलंच कुलूप लावलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात साहेब आले, तेव्हा आत्याने त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः प्रार्थना केली. मेलेल्यांसाठी आमच्यात प्रार्थना करत नाहीत, हा नियम तिनेच आम्हाला शिकवला होता. तिने आईच्या वडिलांचं नाव घेतलं. म्हणाली, "प्रभू, धनराज भाऊसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. त्यानं आपली पोरगी आमच्या घरी देली. मी त्याच्या तेरवीले पोटभर जेवली, अन् त्याच्याच पोरीवर पंचात उभी राहिली." 

आई बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत बसली. वडिलांचं नाव आमच्या घरात प्रार्थनेत आलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग नाक पुसून साहेबांना म्हणाली, "आधी बाईले द्या. चार महिन्यांची उपाशी आहे." आत्याला उठवत नव्हतं, म्हणून आईनेच मानेखाली हात घालून तिला पेला पाजला. मग स्वतः एक तुकडा उचलला आणि खाल्ला. दोघी रडल्या, साहेब रडले, आणि मीही रडले. रडणं सोपं होतं.

त्याच दुपारी आत्याने मला जवळ बोलावलं. आवाज बसला होता. "तुह्या मनात काही आहे का माह्याबद्दल? असन तर सांगून टाक."

मी तिची चादर नीट केली आणि म्हटलं, "काही नाही आत्या. तू कायले विचार करून राहिली?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने आयुष्यभर माणसांच्या चुका हुडकल्या होत्या, तिला ही दिसली नसेल असं कसं म्हणू? पण तिने मला माफ केल्याचं सांगितलं नाही. नुसता माझा हात धरून ठेवला. दहा दिवसांनी ती गेली.

आईच्या मनात तिच्याबद्दल आता काही उरलेलं नाही. कबरीवर झेंडू लावून आली आहे आणि बाईंची आठवण निघाली की मोकळेपणी हसते, मोकळेपणी रडते. तिने खरं सांगितलं होतं, म्हणून ती शेवटपर्यंत पोचली. मी चांगली वागले. इतकी चांगली वागले, की जिच्याशी भांडायचं होतं तीच हातची गेली. हे सगळं असं तिरकस लिहिते आहे, तेही त्यामुळेच असावं. बाकी काय करायचं ते मला सुचत नाही.

पहिल्या रविवारी मी साकोलीला जाते, आईजवळ बसते. ताट येतं, आई तुकडा उचलते आणि ताट माझ्याकडे देते. मी ते पुढच्या माणसाला देते. आई मला ढोसत नाही, काही विचारत नाही. तिला एकोणीस वर्षं लागली होती. माझं तर आता कुठे पहिलंच वर्ष चालू आहे.