आमची रेकॉर्ड आणि हरभऱ्यातला भोंगा

परवा दुपारी रिठदला एसटीतून उतरले आणि स्टँडवरच डोकं फिरलं. शेजारचे गजाननकाका भेटले आणि अगदी खुशीत म्हणाले, "बाई, तुह्यं ते डुकरं हाकलाचं गानं लय कामाचं हाय. मले बी दे एखांदं."

माझं... डुकरं हाकलायचं गाणं?

मी चेलो वाजवते. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं ते मोठं, जाड आवाजाचं वाद्य. पुण्यात शिकले, तिथेच आमचा चौघांचा ग्रुप जमला आणि नुकतीच आमची पहिली रेकॉर्ड आली. खाली प्रोग्रेसिव्ह रॉकचे ड्रम्स आणि गिटार, वर माझा पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाचा चेलो. लांबच लांब ट्रॅक, मध्येच बदलणारे ताल... दोन वर्षं घासली आम्ही त्यावर.

ती बाबांनी ऐकावी, एवढं एकच मला हवं होतं. कोणी काय लिहिलं, किती जणांनी शेअर केलं, ते ठीक आहे. पण बाबांनी आजवर चेलोबद्दल एकच प्रश्न विचारलाय, "याच्यावर नोकरी लागते काय?" पुढे विषय बंद.

त्यांना लिंक उघडायचा कंटाळा, म्हणून पेन ड्राइव्ह पाठवला. फोनवर मी दर वेळी विचारायचे, ऐकली का? दर वेळी उत्तर तेच, "वाजते ना." मला वाटायचं, चला, निदान घरात वाजतेय...

वाजत होती. शेतात. भोंग्यावर.

आमच्याकडे हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, शिरू नयेत म्हणून शेतात बॅटरीवरचा भोंगा लावतात. त्यात कुत्र्याचं भुंकणं, वाघाची डरकाळी, माणसांची हाकाटी, असं सगळं भरलेलं असतं आणि ते रात्रभर चालतं. त्या पंक्तीत बाबांनी माझा चेलो नेऊन बसवला होता.

घरी बॅग टाकली. आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मले काय विचारतं? जाय, बापाले विचार." तिला हे सगळं माहीत होतं आणि एका शब्दानेही तिने मला सांगितलं नव्हतं. तशीच तणतणत शेतात गेले.

लांबूनच ऐकू येत होतं. ज्या चार ओळींसाठी स्टुडिओत माझी बोटं सोलून निघाली, त्या ओळी खांबावरच्या भोंग्यातून खरखरत, चिरकत बाहेर पडत होत्या. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या सावलीत निवांत बसलेले. मी गेल्या गेल्या सुरू झाले, "बाबा, हे मी डुकराइसाठी केलं काय?"

"काहून चिडून राह्यली?" बाबा शांतच. "कुत्र्याच्या भुकन्याले डुकरं आता भेतच नाईत. पाठ झालं त्याइले. तुह्यं पाठच होत नाई. मधीच थांबते, मधीच पयते, मधीच रडते... डुक्कर बिचकते."

प्रोग्रेसिव्ह रॉकवर लोक याहून वाईट बोलतात, पण निदान डुकरांना साक्षीला आणत नाहीत.

मी बोलतच राहिले. मेहनत, स्टुडिओ, रियाज, सगळं काढलं. बाबांनी ऐकून घेतलं. मी भोंगा बंद करायला उठले तर हात वर करून म्हणाले, "थांब. आता ते सारे चूप होतेत आन तू एकटी वाजवतं. ते होऊ दे."

खरंच ड्रम्स थांबले. गिटार थांबली. नुसता चेलो उरला... बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

मी आपली रागाने इकडेतिकडे बघत उभी. तेव्हा कुठे लक्षात आलं की समोर हरभरा नाहीच. रान मोकळं पडलंय, नुसती ढेकळं.

"बाबा, हरभरा कधी काढला?"

"झाले की आठ-धा दिवस."

"मंग हे कायले लावलं? ते बी भर दुपारी?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "चूप बस ना थोडी," एवढंच म्हणाले.

बसले. ट्रॅक संपेपर्यंत धुऱ्यावर त्यांच्या शेजारी बसले. रडू येत होतं आणि चीडही तेवढीच येत होती, कारण हा माणूस फोनवर साधं "ऐकतो" म्हणत नाही. "वाजते" म्हणतो.

बाबा, थँक्यू. पण पुढच्या महिन्यात येताना चांगला स्पीकर आणतेय. तो घरात लावायचा... आणि मी विचारलं की "ऐकली" म्हणायचं.