मस्कतच्या मेहुण्यांमुळे आंतरराष्ट्रीय झालेली परिषद

आमच्या महाविद्यालयाची परिषद ऑनलाइन करायचं ठरलं तेव्हा महामारी केव्हाच ओसरली होती. एसट्या भरून धावत होत्या, लग्नांत पंगतींवर पंगती उठत होत्या. एका जागी जमणं फक्त विद्वानांनाच जमत नव्हतं.

मी रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवतो. परिषद वनस्पतिशास्त्राची होती, पण मला संगणकातलं कळतं असा समज असल्यामुळे तांत्रिक बाजू माझ्या गळ्यात पडली. खरं काम वनस्पतिशास्त्राच्या बाईंचं. त्या पावस गावच्या, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतात. आमच्याकडच्या कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, पावसाळ्यात खळग्यांतून पाणी साठतं, त्यात बोटभर उंचीची रोपं उगवतात, फुलतात आणि पाणी आटलं की नाहीशी होतात. बाई कित्येक वर्षं त्यांच्या मागे आहेत. आंब्याची कलमं लावायला कुणी सुरुंगाने कातळ फोडला, की बागेच्या दगडी गडग्यापलीकडच्या, कुणी हातही न लावलेल्या खळग्यांतून ती रोपं पुढच्या पावसात उगवत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. हे त्यांना परिषदेत मांडायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना सड्यावर नेऊन दाखवायचं होतं. भाद्रपदातली तारीख त्यांनी त्यासाठीच मागून घेतली होती.

प्राचार्यांनी बैठकीत सांगितलं की आता जग बदललंय. पाहुण्यांची उतरायची सोय नको, जेवणावळी नकोत, आणि मुख्य म्हणजे त्यांचे मेहुणे मस्कतहून सहभागी होणार असल्यामुळे परिषद राष्ट्रीय न राहता आंतरराष्ट्रीय होते. मेहुणे तिथे एका कंपनीत हिशेब बघतात. महाविद्यालयाला श्रेणी देणाऱ्या मूल्यांकन समितीला ते कळायचं कारण नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, "सर, सडा पडद्यावर कसा दाखवायचा?"

"ड्रोन लावू ना, मॅडम," प्राचार्य म्हणाले. ड्रोन अर्थातच आला नाही.

जुन्या परिषदांच्या आठवणीने माझा ऊर भरून येतो असं मुळीच नाही. तिथेही हार-शाली होत्या, जेवणानंतरच्या सत्रात अध्यक्षच पेंगायचे. पण ताट हातात घेऊन रांगेत उभं असताना मागचा माणूस विचारायचा, मघाशी तुम्ही बोललात ते मला पटलं नाही, आणि मग वरणभात गार होईपर्यंत वाद चालायचा. आमच्या लोकांनी नव्या पद्धतीत नेमकं तेवढंच गाळलं. बाकी सगळं शाबूत ठेवलं.

सभागृहात फलक लागला. रिकाम्या खुर्च्यांसमोर समई पेटली. प्रमुख पाहुणे पुण्यात त्यांच्या घरी बसले होते, तरी त्यांचा सत्कार सोडायला कुणी तयार नव्हतं. प्राचार्यांनी शाल उलगडून कॅमेऱ्यासमोर धरली, तिकडे पाहुण्यांनी मान झुकवली आणि निवेदिकेने टाळ्यांची विनंती केली. शाल पुन्हा घडी होऊन कपाटात गेली. एवढं सगळं करताना एकालाही हसू आलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

पाहुणे बोलले ते पर्यावरण, संस्कृती आणि स्वतःचे परदेश दौरे यांवर, ठरल्या वेळेच्या दुप्पट. मी संगणकापाशी होतो, त्यामुळे श्रोते मला दिसत होते. म्हणजे काळे चौकोन दिसत होते. एकाचा कॅमेरा चुकून सुरू राहिला होता, तो मच्छी मार्केटात सुरमईचा भाव करत होता. बाजूला संदेशांचा पूर लोटला होता. सुप्रभात सर. अभिनंदन सर. प्रमाणपत्राची लिंक कधी मिळेल? मस्कतचे मेहुणे नमस्काराची खूण टाकून निघून गेले होते.

बाईंची पाळी आली तेव्हा निवेदिकेने त्यांना थोडक्यात आटपायला सांगितलं. बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पहिलं छायाचित्र दाखवलं, खळग्यांबद्दल बोलायला लागल्या आणि गडग्यापर्यंत येऊन थांबल्या. "कुणी ऐकत असेल तर कृपया कॅमेरा सुरू करा," त्या म्हणाल्या. चौकोन काळेच राहिले. बाईंनी थोडी वाट पाहिली, मग शांतपणे आपला लॅपटॉप मिटला आणि स्टाफरूमकडे निघून गेल्या. मग निवेदिकेने हातातल्या कागदावरून अभ्यासपूर्ण व विचारप्रवर्तक व्याख्यानाबद्दल मॅडमचे आभार मानले. प्रमाणपत्रं लगेच सुटली. ती मेहुण्यांनाही मिळाली.

सगळं आवरताना मी संदेश वर-खाली करत होतो. लिंकच्या मागण्यांच्या ढिगाऱ्यात एक संदेश दबलेला सापडला. कोल्हापूरकडच्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं की मी ऐकतेय, पण आमच्याकडे वीज गेल्यामुळे फोनवर आहे, कॅमेरा लागत नाही. गडग्यापलीकडचं राहिलं, ते सांगाल का? मी तो बाईंना नेऊन दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि खाली दिलेल्या नंबरवर तिथूनच फोन लावला.

पुढच्या रविवारी त्या शिक्षिका आंबा घाटातून एसटीने आल्या. मीही सड्यावर गेलो, न बोलावता. दोघी एका खळग्यापाशी उकिडव्या बसल्या आणि बघता बघता भांडायला लागल्या. पाहुणीचं म्हणणं, सुरुंगाने कातळाला भेगा पडून पाणी निसटतं हे बाईंचं म्हणणं खरं नसावं. कलमांसाठी बाहेरून आणून टाकलेली माती वाहून येते आणि खळगे बुजवते. बाईंना ते मान्य नव्हतं. त्यांनी पाण्यात हात घालून तळ चाचपून दाखवला, मग पाहुणीनेही दाखवला. बाईंना इतकं खूश झालेलं मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं.

परिषदेच्या अहवालात बाईंचं व्याख्यान यशस्वीरीत्या झाल्याची नोंद आहे. ते झालंच नाही, तेव्हा नोंद काढा, असं त्या प्राचार्यांना सांगून आल्या. प्रमाणपत्र गेलंय, आता काढता येत नाही, असं उत्तर मिळालं. यंदाही परिषद ऑनलाइनच आहे. या वेळी कॅनडातल्या कुणा भाचीचं नाव ऐकतोय. बाईंना निबंध मागितला तेव्हा त्यांनी नकार दिला. सड्यावर या, दाखवते, एवढंच त्या म्हणाल्या. प्राचार्यांना अजून सवड झालेली नाही. कोल्हापूरच्या बाई मात्र या पावसाळ्यातही येऊन गेल्या, आणि पाणी निसटतं की माती भरते, यावर दोघींचं अजून एकमत नाही.