उरलेल्या सहा पायऱ्या

त्या रविवारी आम्ही दोघा नवरा-बायकोनं जनरेटरच्या खोलीत बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. सुमननं दह्याची वाटी माझ्याकडं सरकवली, "संपवा, परत न्यायला डबा न्हाय" म्हणाली, हात धुतले आणि सर्व्हरच्या खोलीत गेली. एवढंच. शेवटचं म्हणून काही वेगळं झालं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. भूत, भानामती, अंगात येणं... असलं सांगणाऱ्यांच्या तोंडावर हसलो आयुष्यभर. तुमच्या सदरात लोक लिहितात त्यातलंही निम्मं मला थापाच वाटायचं. आता मीच लिहितोय. हसायचं त्यानं हसावं.

सोलापुरात होटगी रोडला एका ट्रस्टची रक्तपेढी आहे. मी तिथं वॉचमन आणि जनरेटरवाला. बायको मॅट्रिक झालेली, रेकॉर्ड तिच्याकडं. आधी रजिस्टरं होती, मग सगळे रक्तदाते कॉम्प्युटरात गेले. डेटाबेस म्हणतात त्याला. अधूनमधून त्याची दुरुस्ती येते, ती सर्व्हरवर चढवावी लागते. त्याच्या चौदा पायऱ्या सुमननं वहीत मोठ्या अक्षरात उतरवल्या होत्या. पहिली, इंटरनेटची वायर काढणे. मग बॅकअप घेणे, तो तपासणे, डेटाबेस बंद करणे, दुरुस्ती चढवणे, परत चालू करणे, जुने दाते रजिस्टरशी ताडून बघणे... असं.

स्क्रीनचा चष्मा लावला की तिला वही दिसायची नाही. आणि मला जनरेटर सोडून चालायचं नाही, मधेच लाईट गेली तर सगळं बिघडतं. म्हणून मी इंटरकॉमवर एक पायरी वाचायची, तिनं करायची आणि "झालं" म्हणायचं. मगच पुढची. एकदा मी मधेच "झालं का, झालं का" लावलं, तिचा गोंधळ उडाला, दोन दिवस काम बंद पडलं. ट्रस्टच्या सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर तिला झापलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "हितनं पुढं मी बोलंपर्यंत तोंड उघडलं तर बघा."

त्या रविवारी आठवी झाली. मी नववी वाचली — डेटाबेस परत चालू करणे. पलीकडनं काही आलं नाही.

मी थांबलो. रिसीव्हर कानाला लावून बसलो. नववीला वेळ लागतो कधीकधी. तंबाखू मळली. परत कानाला लावला. उठावंसं वाटलं, पण म्हटलं, खवळंल. अर्धा तास गेला. मग गेलो. ती खुर्चीखाली पडली होती.

रिक्षात घातली. सवयीनं खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात. दवाखाना पाच मिनिटांवर. डॉक्टर म्हणाले, काही उरलं नाही. लोकांना, लेकीला मी एकच सांगितलं — पडल्याचा आवाज आला तसा धावलो. सगळ्यांनी मानलं. सोमवारी खोली मीच उघडली. वायर लावली. काम चालू झालं. दुरुस्तीचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

महिन्याभरानं डेटाबेसची नवीन व्हर्जन चढवायला कॉम्प्युटर कंपनीच्या शेख मॅडम आल्या. पन्नाशीच्या बाई, कामाला पक्क्या. म्हणाल्या, "आधीची दुरुस्ती अर्धी राहिली असेल तर नवीन बसणार नाही चाचा, आधी ती बघते." भर दुपार होती. मी दारात उभा.

"अर्धी कुठं? ही तर पूरी झाली की."

"कशी हुईल? नववीलाच तर ती..."

"हितं बघा ना. एकेकाची वेळ पडते. आठवी एक दहाला. नववी दोन वीस. चौदावी दोन पन्नास. सगळं सुमनताईंच्या नावानं, ह्याच मशीनवरनं."

दोन वीसला मी दवाखान्यात तिच्या पायाशी बसलो होतो. मॅडमना तसं सांगितलं; दवाखान्याच्या कागदावर आणल्याची वेळ आहे, एक पंचावन्न. मेलेली आणली असं लिहिलंय.

मॅडमनं मशीनचं घड्याळ तपासलं. बरोबर. बाहेरनं कोणी करावं तर वायर काढलेली. आपोआप झालं म्हणावं तर अकराव्या पायरीला पासवर्ड मागतो, आणि तो एकट्या सुमनला ठाऊक. तो दोनदा चुकलेला होता, तिसऱ्या वेळी बरोबर. ती दर वेळी दोनदा चुकायची. मी म्हणायचो, बोटं हायेत का केळी.

मॅडम खुर्चीवरनं उठल्या आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "पर चाचा, एक दहाला आठवी, अन् दवाखान्यात तुम्ही दोनला. मधे काय करत होता?"

"रिसीव्हर धरून बसलो हुतो," मी म्हटलं. खरं पहिल्यांदा तोंडातनं निघालं.

मॅडमनं स्टूल मशीनपुढं ओढलं. "तुम्ही घरी जा. मी एकटी करते," एवढंच.

सेक्रेटरी म्हणतात, मॅडमनं काहीतरी उलटं वाचलं. मॅडम म्हणतात, पुन्हा पुन्हा वाचलंय. दुसरी किल्ली नाही. मेलेलं माणूस कामावर येतं असं मी म्हणत नाही, अजून म्हणत नाही. पण त्या सहा पायऱ्या केल्या कोणी, हे मला कळत नाही. कोणा शिकलेल्याला कळलं तर सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं बार्शीला लेकीकडं गेलो. लतानं चहा दिला. कपाला हात न लावता सगळं सांगितलं... आवाज आलाच नव्हता, मी बसून होतो.

लतानं गॅस बंद केला.

"अर्धा तास, आप्पा?"

"व्हय."

तिनं माझ्यासमोरचा कप उचलला, मोरीत ओतला आणि दार उघडून बाजूला उभी राहिली. मी पायात चपला घातल्या.