चुकलंमाकलं वगळलेलं गाऱ्हाणं

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे आजच चिकटवतोय.

गेल्या वर्षी घाटात ब्रेक लागला नाही आणि एका विलायती कंपनीची, उतारू नेणारी सर्व्हिस मोटार दरीत गेली. ती चालवणारा आमच्या सदू ड्रायव्हरचा धाकटा भाऊ जागीच गेला. तेव्हापासून त्या कंपनीची एकही मोटार रत्नागिरीत खपली नाही.

आज सकाळी कंपनीचा एजंट आगबोटीनं नवी मोटार घेऊन बंदरावर उतरला. गेलेली पत परत मिळवायची होती. मोटारीला हार घातला, पुढ्यात नारळ ठेवले आणि गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

गुरवानं रीतीप्रमाणं सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल..."

एजंटनं मध्येच अडवलं. "ते नको. कंपनीचं काही चुकलं नव्हतं, चूक ड्रायव्हरची होती. धंदा वाढू दे, एवढंच म्हणा."

गुरवानं तेवढंच म्हटलं. गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची असते, पण एकाचंही तोंड उघडलं नाही.

सदूनं मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं. आधी दिवे फोडले, मग काच, मग एजंटचं मनगट. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणि खोटं कशाला बोलू, एक नारळ उचलून मीही मोटारीवर हाणला.

सदूला पोलीस घेऊन गेले.

मी फिटर आहे. सकाळीच या नव्या मोटारीचे ब्रेक तपासले होते, उत्तम होते. ती एक ओळ म्हणू दिली असती, तर पहिला "व्हय म्हाराजा" माझा असता. तुमचा असता का?